परतीची सही

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ
पोचलो एकदाचे! घर विकून हे चाकांवरचं घर घेतलं तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. आता युटाच्या या लाल कड्यांखाली खुर्च्या टाकून बसल्यावर मलाच त्यांची कीव येतेय. तळावर आमच्याशिवाय कुणी नाही. तळ सांभाळणारा म्हातारा डेलबर्ट भारी खवचट. माझ्या नवऱ्याच्या, वेंडेलच्या, पोटाकडे बघत म्हणाला, धबधब्यापर्यंत हे ओझं तुम्ही नेणार का बाईसाहेब? दरीच्या तोंडाशी पेटीत वही आहे. जाताना नावं लिहायची, परतल्यावर वेळ टाकून सही करायची. सही नसली तर तो शोधायला निघतो, असली तर निवांत झोपतो. परवा सकाळी तो हिवाळ्यासाठी लेकीकडे जाणार. तुम्ही खुशाल राहा म्हणाला.

१५ ऑक्टोबर, सकाळी ८
गाडीचे पडदे ओढले, आतला दिवा चालू ठेवला. आत माणसं आहेत असं वाटलं की चोर फिरकत नाहीत. वेंडेल पुढे पळाला, वही मीच भरली. येताना पाय बोलत असतात, पुन्हा पेटीशी कोण थांबतंय? परतल्याची वेळही आत्ताच टाकून दिली. साडेतीन. खाली ऐटदार सही.

दुपारी १
फोटोसाठी वेंडेल धबधब्याशेजारच्या दरडीवर चढला आणि दरड त्याच्यासकट खाली आली. खुबा मोडलाय. मी धावले तर माझाही गुडघा फिरला, पाऊल टेकवत नाही. फोन लागत नाही. तो मलाच धीर देतोय. रडतेस काय वेडे, सही दिसली नाही की डेलबर्ट येतोच बघ, शिव्या घालत!
मी हो म्हटलं.

साडेपाच
सरपटत जाऊन पाहिलं. वीस हात गेले, परत आले. सहीचं त्याला सांगणारच होते. तेवढ्यात त्याने डेलबर्टची नक्कल केली, हसला, आणि हसता हसता किंचाळला. नाही सांगवत मला.

१६, उजाडलं
कुणी आलं नाही. हाका मारून त्याचा आवाज बसलाय. मला विचारतो, अगं कोरा, वही नीट भरली होतीस ना? हो म्हटलं. देवा, मी हो म्हटलं.

दुपार
डेलबर्ट गेला असेल. खिडकीतला दिवा बघून हातही हलवला असेल —
वेंडेल त्याला शिव्या घालतोय. मीही घातल्या.

ऊन उतरलं
त्याचे ओठ काळेनिळे. लेकीला, जोलीनला, दोन ओळी लिहायच्यात म्हणतो. कागद फक्त या रोजनिशीत. पान फाडून देते म्हटलं — तर म्हणाला, अख्खी दे गं, तू काय लिहिलंयस ते वाचतो, तेवढाच वेळ जाईल —
हात पुढे केलाय.
नको, वेंडेल — सोड — आधी ऐक, मी पेटीशी —