दिल्लीची सीट सोडली तेव्हा

मुर्री, गोंदिया
१६ ऑक्टोबर २०२५

प्रिय योगू,

तू फोन उचलत नाहीस आणि माझे मेसेजही पोचत नाहीत, म्हणून शेवटी कागद घेतला. होस्टेलचा पत्ता तुमच्या घरी दुलारी काकींकडून मिळाला. तब्येत कशी आहे? तिकडे थंडी लवकर पडते म्हणतात. स्वेटर नेलास ना?

इकडचं सगळं बरं आहे. हलका, लवकर पिकणारा धान कापायला आला. बाबांच्या ऑटोला नवीन हूड बसवलं. आपल्या डिंपलला गोंदियातच नर्सिंग मिळालं, आता ती रस्त्यात भेटली तरी आधी नाडी धरते. मी दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून आले आहे. घरात पाय ठेवला तशी रीना आत्यानं दोन्ही खांद्यांवरून बोटं खाली ओढली. दोन वेण्या, म्हणजे तू. मग हात हलवून विचारलं, कुठे आहे? ऐकू न येणाऱ्या माणसापासून गोष्ट लपवणं सोपं असतं, असं लोकांना वाटतं. नसतं. मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले.

आता किती वेळ इकडचं तिकडचं लिहू?

दिल्लीला निघायच्या दिवशी स्टेशनवर मी बाबांच्या ऑटोतून उतरले तेव्हा माझ्या हातात फक्त तुझ्यासाठीचा डबा होता. तू विचारलंस, "तुझी बॅग कुठाय?" मी म्हटलं, "योगू, मी येऊन नाही राहिले." तू हसलीस. तुला वाटलं मस्करी आहे. मग तुझे बाबा, चुन्नीलाल काका, म्हणाले, "नाही येत म्हणजे? तिकीट काढलं ना तुमच्या दोघींचं!" तोवर गाडी लागली. काकांनी तुझी बॅग धरली आणि तू त्यांच्या हातातून ती ओढून घेतलीस. दारातून तू माझ्याकडे बघितलंस, डबा न घेता. ते बघणं मी कोणाला सांगितलेलं नाही.

मी अॅडमिशन अकरा दिवस आधीच रद्द केली होती. अकरा दिवस रोज तुला भेटत होते. तुझ्याबरोबर गादीची खोळ घ्यायला बाजारात आले, खोलीत कोणती खाट कोणाची यावर भांडलेसुद्धा.

का केलं, हे सगळे विचारतात. कोचिंगचे टेकचंद सर म्हणाले, "लोग तरसते हैं उस कॉलेज के लिए, और तू डिप्लोमा करेगी?" आई तर अजून म्हणते, "काऊन वो, इतकी मोठी सीट सोडली? डोकं फिरलं का तुझं?" प्रत्येकाला मी वेगळं उत्तर देते आणि देताना ते खरंच वाटतं. तुला सगळीच सांगते, त्यातलं कोणतं खरं ते तूच बघ.

जूनमध्ये आत्याच्या कानाच्या मशीनसाठी नागपूरला गेले होते ना, तिथेच बाजूला मी आता शिकते ती संस्था आहे, बहिऱ्या मुलांसाठी शिक्षक तयार करणारी. दोनच वर्ग, पत्र्याचा व्हरांडा. मशीनला वेळ होता म्हणून तिथल्या मॅडमनी आम्हाला वर्गात बसवलं. आत्या आणि मी हातांनी बोलत होतो ते बघून त्या म्हणाल्या, "हे तुमच्या घरचं आहे का? पुढे येऊन दाखव." मी तासभर बोलत होते, योगू. धान, ऑटो, ताप, राग, पाहुणे आले, सगळं दाखवलं. मुली लिहून घेत होत्या. अकरावी-बारावीत मी वर्गात कधी तोंड उघडलं होतं का? आणि दिल्लीच्या कॉलेजचा ऑनलाइन परिचय झाला, तेव्हा दोन तास मी कॅमेरा बंद करून बसले होते. तिथली मुलं हुशार होती, चांगलीही होती. पण मला त्यांचं काहीच जाणून घ्यावंसं वाटलं नाही. ती भीती होती की खरंच ते माझं नव्हतं, हे मला आजही कळत नाही. नागपूरला काही दिवस फार बरं वाटतं. काही दिवस वाटतं, मी घाबरून पळाले आणि आता त्याला चांगलं नाव देऊन राहिले.

दुसरं उत्तर असं. निकालानंतर काकांनी मला बोलावलं होतं. इतक्या वर्षांत तुमच्या ओसरीच्या पुढे मी कधी आले नव्हते. त्या दिवशी त्यांनी आत, सोफ्यावर बसवलं आणि म्हणाले, "तू सोबत आहेस म्हणून पाठवून राहिलो पोरीले. तिची जबाबदारी तुझी." काकी म्हणाल्या, "तिला एकटं सोडू नको." माझे मार्क तुझ्यापेक्षा जास्त होते. मला काय शिकायचं आहे, हे कोणी विचारलं नाही. घरी येताना वाटलं, मी शिकायला चालले की तुझ्या सोबतीला? यात तुझी काही चूक नव्हती. तरी त्यानंतर तुझ्याशी बोलताना मला राग यायचा आणि तो तुला दिसू नये म्हणून मी जास्त हसायचे.

तिसरं उत्तर मी डिंपलला दिलं होतं. मी आधी सांगितलं असतं तर काकांनी तुला जाऊच दिलं नसतं, म्हणून गाडी येईपर्यंत गप्प राहिले, तुझ्या भल्यासाठी. डिंपलला ते पटलं. पण ते खोटं आहे. ते मला गाडी गेल्यावर सुचलं. त्याआधी अकरा दिवस मला फक्त तुझ्या चेहऱ्याची भीती वाटत होती.

काल काका आमच्याकडे आले. पहिल्यांदाच. बाबा गडबडून खुर्ची पुसत राहिले. आईनं चहा दिला, तो त्यांनी पूर्ण प्यायला. म्हणाले, "योगू माझ्याशी हो-नाही एवढंच बोलते. तिच्या आईजवळ रडते, तिथं कोणी बोलत नाही म्हणते. तू लिहून दे तिले, वापस ये म्हणून. गोंदियात सीट मिळते अजून. तुझं ऐकते ते." मी "हो" म्हटलं. त्यांच्या तोंडाकडे बघून दुसरं काही निघालंच नाही.

तर हे पत्र त्यासाठी लिहायला बसले होते. सकाळपासून तीनदा "परत ये" लिहिलं आणि तिन्ही कागद फाडले. मग "येऊ नकोस" लिहिलं, तोही फाडला. मी कोण सांगणार? तुझा फॉर्मसुद्धा मीच भरला होता. अर्थशास्त्र मी टाकलं, ते कॉलेज मी यादीत वर ठेवलं, तू बाजूला बसून शेंगा खात "टाक ना तुला जे वाटते ते" म्हणत होतीस. मला वाटायचं, आपल्याला एकच हवं आहे. मला तर ते नकोच होतं, हे नंतर कळलं. तुला हवं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. काकांनी नाही, मीही नाही.

आता विचारते. तुला तिथे राहायचं आहे का? की आणखी कुठे, आणखी काही? माहीत नसेल तर "माहीत नाही" एवढंच लिही. मलाही माझं नीट माहीत नाही, आणि मी तर निवडून बसले आहे.

जे लिहिशील ते काकांना सांगणार नाही. शिव्या असतील तर त्याही चालतील. उत्तराची वाट बघायचा हक्क मी स्टेशनवरच घालवला, तरी बघते आहे.

साक्षी