दुकानातून वर जाणारा जिना

मी, पुस्तकबांधणी करणारी, राहणार माझ्याच दुकानाच्या माडीवर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दुपारी डोळा लागतो आणि न छापलेली पुस्तकं दिसतात, तो धंद्याचा परिणाम समजावा.

१. मी शाळेत गेले नाही. अक्षरओळख झाली ती छापखान्यातून आलेल्या, घडी न घातलेल्या कागदांवरून. त्यांवर पहिल्या पानाशेजारी शेवटचं पान असतं आणि निम्मी पानं उलटी. मी गोष्टी तशाच वाचल्या, मुलीलाही तशाच सांगितल्या. राजकन्या आधी म्हातारी व्हायची, मग हरवायची, मग जन्मायची. ऐकता ऐकता मुलगी झोपून जायची. त्या क्रमात मला अजूनही काही वावगं दिसत नाही.

२. ती मुलगी आज एका श्रीमंत देशात प्राध्यापक आहे. आईबाप किती शिकले आणि मुलं कुठवर पोचली, हाच तिचा अभ्यास. गरीब देशांत मुलं बहुतेक आईबापांच्याच पायरीवर राहतात, असं तिने फोनवर समजावलं. मग तू कशी वर गेलीस, असं विचारलं तर म्हणाली, मी अपवाद. खूश व्हावं की रागवावं, ते माझं ठरलं नाही.

३. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, विद्यापीठ सोडून माझ्याकडे बांधणी शिकायला आली आहे. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद आहे. मुलगी म्हणाली, "आई, मी एवढी चढले ते हिने खाली उतरावं म्हणून?" नात म्हणते, "आजी, मला इथेच यायचं होतं." दोघींसाठी माझा जीव तुटतो.

४. दुकान, पुस्तकं दाबायचा शिकंजा, दाभण आणि सुया नातीला द्याव्यात. चिकटवायची खळ ती अजून पातळ करते, पण सुधारेल.

५. कॉलेजच्या ग्रंथपालांनी मला एकदा सुनावलं होतं की बाई, तुम्ही पुस्तकं बांधा, वाचायच्या भानगडीत पडू नका. त्यांचा गौरवग्रंथ मीच बांधला आहे, पानं मुद्दाम उलटसुलट लावून. तो त्यांना पोचवावा.

६. माडी मुलीला. खिडकीजवळची खाट, जिच्यावर बसून ती शिकली, तीही तिलाच. माडीचा जिना दुकानातूनच वर जातो, शिवणीच्या टेबलाला अगदी घासून. बाहेरून दुसरा जिना कोणीही बांधू नये, ही माझी अट आहे. मुलगी वर जायला निघेल तेव्हा नात शिवत बसलेली असेल. तिला टेबल सरकवावं लागेल, आणि "सांभाळून" एवढं तरी म्हणावंच लागेल. दुपारच्या डुलकीत मी हे रोज बघते.

साक्षीदार: शेजारचे चष्मेवाले (सही), समोरची शिंपीण (सही, यंदाच शिकली)
ठिकाण: जिन्याची खालची पायरी
दिनांक: नातीने पहिलं पुस्तक एकटीने शिवलं, तोच दिवस
सही: एकीची आई, एकीची आजी