उत्तर भिंतीवरचं मुंडकं

८ सप्टेंबर
आलो एकदाचे वेल्बरीत. मी, माझी सहा वर्षांची मायरा, ढीगभर बॅगा आणि ट्रेनमध्ये मांडीवर सांभाळून आणलेला कुकर. सुश्रुतची नोकरी ब्रिस्टलला, तो शनिवार-रविवारचा पाहुणा. नवरा पाहुण्यासारखा आला की संसार गोडीगुलाबीने चालतो म्हणे, बघू. खिडकी उघडली की समोर कॅथेड्रल, सातआठशे वर्षांपूर्वीचं. पुण्यात दगड घडवायला शिकले, लीड्सला त्यावर डिग्रीचा शिक्का मारून घेतला, पण अशा इमारतीला हात लावायला मिळेल असं स्वप्नातही नव्हतं. मी फार खूश आहे.

१२ सप्टेंबर
कॅथेड्रलच्या दुरुस्तीकामाचे, म्हणजे आमचे, प्रमुख गिडियन. साठीचे, मूळ मुंबईच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबातले. आजीकडून उरलंसुरलं मराठी ते माझ्यावर खर्च करतात. आज त्यांनी सगळं फिरवून दाखवलं. टोकदार कमानी, छताच्या दगडी बरगड्या, आणि भिंतींना बाहेरून टेकू देणाऱ्या अर्ध्या कमानी. भार बाहेरच पेलला जातो, म्हणून भिंतीत एवढाल्या रंगीत काचा बसल्या. ज्यांनी पाया घातला त्यांनी छत पाहिलं नाही, ते नातवंडांच्या वाट्याला आलं. कमानी जिथे टेकतात तिथे मुंडकी कोरलेली आहेत. एक शिंकणारा पाद्री, एक रुसलेली स्वयंपाकीण. पाथरवटांनी आपल्याच ओळखीचे चेहरे घातले होते. अजूनही झिजलेलं मुंडकं बदललं की जिवंत माणसाचाच चेहरा कोरायची इथे रीत आहे. मी कुणाचा कोरणार, याचा विचार घरी येईपर्यंत चालू होता.

१९ सप्टेंबर
पहिलं काम आलं. उत्तर भिंतीवरचं एक मुंडकं थंडीने तडकलं होतं, ते उतरवून माझ्या टेबलावर ठेवलंय. त्याला चेहराच नाही. केस आहेत, कान आहेत, मध्ये सपाट. गिडियन म्हणाले, भेग सांध, समोरची बाजू पुन्हा सपाट तास आणि परत चढवू. प्रत्येक दुरुस्तीत हेच करतात. मी विचारलं, आधीच सपाट असलेलं परत कशाला तासायचं? ते म्हणाले, त्यांच्या उस्तादांनीही कारण सांगितलं नव्हतं. मग चहा प्यायला निघून गेले.

१ ऑक्टोबर
आज खंडेनवमी. बाबा भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथला हळदकुंकू वाहायचे, मग मी का मागे राहू? शाळा सुटल्यावर मायराला कामावरच आणलं. छिन्न्या, हातोडे मांडले, पेढा ठेवला. मायराने कुंकवात बोट बुडवून सगळ्या हत्यारांना टिकली लावली आणि शेजारच्या मुंडक्यालाही. म्हणाली, "आई, त्याला फेस नाहीये, सो मी त्याला माझा देते." मग त्याच्यापुढे नैवेद्य दाखवून पेढा तिनेच मटकावला. आमच्याकडे दगडाला शेंदूर फासला की देव होतो, असं मी गमतीने गिडियनना सांगितलं. ते हसले नाहीत. लगेच पुस म्हणाले. पुसलं.

६ ऑक्टोबर
भेग सांधून झाली. तासायला घेतलं तर मध्यभागी उंचवटा, नाकासारखा. दगड वाढत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. उजेडाचा खेळ असेल. पण खाली डाव्या बाजूला एक खळगा आहे. मायराच्या गालावर खळी पडते, अगदी तिथेच. आज हात लावला नाही.

९ ऑक्टोबर
मायरा हसते, खळी पडत नाही. भुवया विरळ झाल्यात. इथल्या फॅमिली डॉक्टरने, जीपीने, तपासलं, सगळं नॉर्मल म्हणाला. सुश्रुत फोनवर म्हणतो तिचा चेहरा ब्लर दिसतोय, कॅमेरा पूस. दोनदा पुसला. दगडाला भुवया आल्यात. मला भीती वाटते आहे, सरळच लिहिते.

१३ ऑक्टोबर
गिडियनना दाखवलं. ताबडतोब तास म्हणाले. नाकावर छिन्नी धरली, हलकासा ठोका दिला. कोपऱ्यात चित्र रंगवत बसलेली मायरा किंचाळली. नाकातून रक्ताची धार. गिडियन म्हणतात योगायोग, तुझ्याने होत नसेल तर मी तासतो. मी दगड उचलला आणि वरच्या माळ्यावर पोत्यांखाली लपवला.
आजवर प्रत्येक दुरुस्तीत यांनी कुणाकुणाला तासलं —

१५ ऑक्टोबर
शाळेत पाठवली नाही. तिचे ओठ — लिहवत नाही. दूध स्ट्रॉने पाजलं.
तिने चेहरा दिला म्हणून त्याने घेतला. मग मी दिला तर? माळ्यावर जाऊन माझ्या कपाळाचं कुंकू त्याला लावलं. पेढा ठेवला. म्हटलं, लेकरू आहे, तिचं तिला दे, माझा घे. प्रसाद मी एकटीने खाल्ला. तिला कणभरही नाही —

१७ ऑक्टोबर
ओठ आले. भुवया आल्या. तिला पोटाशी धरून खूप रडले. सुश्रुतला बोलावून तिला ब्रिस्टलला न्यायला लावलं, कारण सांगितलं नाही. मफलरने चेहरा झाकून दारात उभी राहिले, पण मफलर सुटला. मायरा बाबाच्या मागे लपली. विचारत होती, ही कोण —

२० ऑक्टोबर
माळ्यावर आहे. दगडात मी. माझं नाक, माझी हनुवटी. बरं झालं, तिचं काहीच उरलं नाही.
पाय दगडासारखे, उचलत नाहीत. हात तेवढा चालतो —

गिडियन वर आले. पोती उपसली. कोपऱ्यातल्या अंधारात मी, त्यांना दिसले नाही. दगड खाली नेला. फळ्यांच्या फटीतून दिसतंय. टेबलावर ठेवला. कानांवर आवाज अडवणारे इअर डिफेंडर. माझ्याकडे पाठ. त्यांना अजून तो चेहरा मायराचा वाटतो का, की बघितलंच नाही —
हाक मारायला तोंड —
ठोका. मला लागला. मलाच. म्हणजे मायरा सुट