बिशपची आंघोळ

कार्तागो,
ता. ५ फेब्रुवारी १९७९

ती. स्व. अन्सेल्मो भाऊजींस,
रोसेंदाचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. वाटेत दरड पडल्यामुळे गाडी दोनदा थांबली, एवढंच. ताईच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला इतकी माणसं आली, तरी केळीच्या पानांतले तामाल पुरले, कॉफीही पुरली, याचं समाधान आहे.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. आदल्या दिवशी मी घर धुतलं, पडदे धुतले आणि ताईने पाळलेल्या, झाडाला उलटं लटकणाऱ्या त्या स्लॉथलाही, बिशपला, आंघोळ घातली. तुम्ही दारात उभं राहून पाहिलंत आणि तडक आत गेलात. राग आला का? अहो, त्याच्या अंगावर शेवाळ, आणि केसांतून पतंग उडून थेट मेणबत्त्यांवर! भेटायला आलेल्या माणसांनी आपल्याला काय म्हटलं असतं? तीन पाण्यांनी धुतला तेव्हा कुठे त्याचा खरा रंग दिसला. ताईची ती हिरवी पडलेली लोकरी शालही टबात टाकणार होते, पण तुम्ही हातातून ओढून घेतलीत. पुढच्या खेपेला तीही धुऊन देईन.

जेवत जा. शेजारच्या मिस अदीनाने डबा दिला तर नको म्हणू नका. माझ्यावरचा लोभ अजून आहे असं धरून चालते.

रोसेंदा


बोका क्लारा,
ता. १९ फेब्रुवारी १९७९

चि. सौ. रोसेंदा हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. राग नाही.

बिशपच्या अंगावर होती ती घाण नव्हती. त्याच्या केसांत शेवाळ वाढतं, म्हणून तो पानांत पानासारखा दिसतो. पतंगही तिथेच राहतात. पतंग नसतील तर शेवाळ नीट धरत नाही, ही सगळी एका घरची माणसं आहेत, असं तुझी ताई ओदिलिया म्हणायची. पिलाला हे सगळं आईच्या अंगावरून मिळतं.

ओदिलियाचा एक नियम होता. पाळलेल्या स्लॉथला अंगणातल्या ग्वारुमोच्या झाडावर सोडायचं आणि खालून शोधायचं. सापडला, तर अजून तयार नाही. सापडेनासा झाला, की नदीकाठच्या रानात न्यायचा. तिकडे गरुड आहे. ती आजारी पडली तेव्हा बिशप जवळजवळ दिसेनासा झाला होता. माझ्या वर्षाच्या प्रार्थनेच्या आत त्याला रानात पोचवा, असं तिने अंथरुणावरून सांगितलं. मी हो म्हणालो.

आता तो रस्त्यावरूनही दिसतो. मिस अदीनाने विचारलं की इतका स्वच्छ करून याला चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला न्यायचंय का.

लोभ आहेच. तो साबणाने जात नाही.

अन्सेल्मो


कार्तागो,
ता. ४ मार्च १९७९

ती. स्व. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे रात्रीचं. मला कोणी सांगितलं का नाही हो? आणि ताई तरी! इतक्या वर्षांत पत्रांतून लोणच्याची कृती कळवली, पण हे नाही.

रविवारी पाद्रीबाबांकडे कबुली दिली की मी बिशपला साबण लावून आंघोळ घातली. जाळीपलीकडून त्यांनी हळूच विचारलं की पोरी, कुठल्या गावच्या बिशपला? खुलासा केल्यावर इतके हसले की रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

सोबत बिस्किटाच्या डब्यात आमच्या कौलांवरचं शेवाळ पाठवते. ओल्या फडक्यात गुंडाळलंय. हलक्या हाताने चोळून बघा. ताईला दिलेला शब्द माझ्यामुळे मोडला, तर तिच्या वर्षाच्या प्रार्थनेला मी कुठल्या तोंडाने येऊ? खरं सांगा, होईल ना तो पुन्हा हिरवा?

चुकलेल्या मेहुणीवर थोडी माया ठेवा.

रोसेंदा


बोका क्लारा,
ता. १२ ऑगस्ट १९७९

चि. सौ. रोसेंदा हिस,
अ. उ. आ.

पाच महिने उत्तर दिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. तुझं शेवाळ लावलं. दोन दिवसांत वाळून गळालं. कौलांचं ते कौलांचंच.

बिशप आठवड्यातून एकदाच शौचाला झाडाखाली उतरतो. पतंग त्याच विष्ठेत अंडी घालतात. म्हणून दर मंगळवारी मी त्याला नदीकाठी नेतो आणि रानातले स्लॉथ जिथे उतरतात त्या बुंध्याशी बसवतो. मिस अदीना वाटेवर दारात उभीच असते. परवा ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली की बाकीचे पुरुष बायकोला चर्चला नेतात, आमचे अन्सेल्मो बिशपला संडासला नेतात. मला हसू आलं. हसल्याला बरेच दिवस झाले होते.

चार पतंग आले आहेत. पण हिरवा रंग नाही.

मग शाल आठवली. त्याची आई मेली तेव्हा बिशप ओंजळीएवढा होता. वर्षभर ओदिलिया त्याला त्या शालीवर घेऊन पावसातही हिंडायची. शालीवरचं हिरवं त्याचंच आहे. मी ती पेटीत ठेवली होती ती वेगळ्या कारणाने. तिला अजून ओदिलियाचा वास होता. बाहेर टांगली तर तो राहणार नाही, हे माहीत होतं. तीन दिवस विचार केला. काल ती भिजवून ग्वारुमोच्या फांदीवर बांधली. बिशप तासाभराने पोचला आणि तिला मिठी मारून झोपला.

तू मनाला लावून घेऊ नकोस. आशीर्वाद आहेत.

अन्सेल्मो


बोका क्लारा,
ता. ७ जानेवारी १९८०

चि. सौ. रोसेंदा हिस,
अ. उ. आ.

नोव्हेंबरात बिशपच्या खांद्यावर मसुरीएवढा हिरवा डाग दिसला. तुला कळवलं नाही, कारण डागावर माझा विश्वास बसेना. नाताळात मिस अदीना केक घेऊन अंगणात आली आणि बिशप चोरीला गेला की काय, असं विचारू लागली. मी म्हणालो की तुझ्या डोक्यावरच आहे. तिने वर पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि मला खोटारडा ठरवून गेली.

काल त्याला रानात नेला. शाल सोडेना. नखं लोकरीत रुतलेली. मी ओढली नाही. शालीसकट नेला आणि नदीकाठच्या झाडाला लावला. चढायला त्याला पाऊण तास लागला. मी खाली बसून पुडीतली भाकरी खाल्ली आणि मग वर पाहिलं. झाडाला तीन फेऱ्या मारल्या. चष्मा पुसला. बिशप सापडला नाही. शालही सापडली नाही.

वर्षाच्या प्रार्थनेला नक्की ये. पडदे तुझ्यासाठी धुवायचे ठेवले आहेत. तामालची पानंही सांगून ठेवली आहेत.

हे लिहिताना माझ्या बाहीवर एक पतंग बसलेला दिसतो आहे. काल रानातून माझ्याबरोबर आला असावा. उद्या मंगळवार आहे, त्याला घरी पोचवून येतो.

तुझ्यावरचा लोभ आता पूर्वीपेक्षा जास्तच.

अन्सेल्मो