शानची हाक

मावख्ला, ४ नोव्हेंबर

बाह ख्राउबोर यास,

दर पत्रात वर ‘सप्रेम खुब्लेई वि. वि.’ लिहिते. आज लिहिणार नाही. खुब्लेई म्हणजे देव तुझं भलं करो, आणि आज मला तसं अजिबात वाटत नाहीये.

आईचा, आपल्या मेईचा, उजवा हात मनगटात मोडलाय, प्लास्टर घातलंय. आई गं, अरे देवा, असं काही लिहून पाठवायच्या आधी तो कसा मोडला ते वाच. शनिवारी दुपारी मेई अंगणात सुपाऱ्या सोलत बसली होती. मुळांच्या पुलाकडून, झाडीतून, शानची हाक आली. आपल्या शानची! लांब, पूर्ण, मेई जंगलात घालायची तशी, आणि मेईच्याच आवाजात. मी चुलीपाशी होते, माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. मेई उठली ती अनवाणी पळत सुटली. मी मागून ओरडतेय, ती ऐकतेय कुठली! पुलाच्या उतारावर शेवाळलेल्या पायऱ्या आहेत, त्यावरून घसरली आणि हातावर आपटली.

आणि खाली काय होतं? तुझ्या सहलीच्या कंपनीने खांबाला टांगलेला कर्णा. त्यातून आपल्या मेलेल्या भावाची हाक वाजत होती, समोर पाहुण्यांचा घोळका शीळ घालून तिची नक्कल करत होता, आणि तुमचा गाइड त्यांना शिकवत होता. ज्याला जमली त्याला टाळ्या. मी त्या गाइडची गचांडी धरली, तर म्हणतो कसा, बाह ख्राउनेच दिलीय, घरचीच आहे.

घरचीच! तू शिलाँगला बायकोच्या घरी नांदायला गेलास म्हणून आईच्या घरचं सगळं विसरलास का रे? मूल झालं की आई त्याच्यासाठी एक हाक रचते, बिनशब्दांची, त्या एकाचीच. जंगलात नाव घेऊन ओरडलं तर तिथलं जे काय आहे ते नाव ऐकून ठेवतं आणि माणसाला धरतं, म्हणून ती हाक. आणि माणूस देवाघरी सुपारी खायला गेला की त्याची हाकही गेली. मग ती कुणी तोंडातून काढायची नाही, आईनेसुद्धा नाही. शेंबड्या पोराला कळतं हे. शान तेजपत्ता काढायला गेला आणि कड्यावरून पडला, त्या दिवसापासून मेईने ती हाक दातांखाली दाबून धरलीय. झोपेतसुद्धा कधी निसटू दिली नाही. तू ती खांबाला टांगलीस.

कर्णा काढ. उद्याच्या उद्या काढ. पत्र सुमोवाल्याजवळ देतेय. गावात रेंज नाही ते बरंच, फोनवर मी काय काय बोलले असते ते तुझ्या सासूनेही ऐकलं असतं.

शेवटी ‘लोभ असावा’ लिहायची रीत आहे. तुला लाज असावी, एवढंच लिहिते.

दारिहुन


शिलाँग, ८ नोव्हेंबर

प्रिय हेप दारिहुन,

सप्रेम खुब्लेई वि. वि. बघ, मी लिहिलं. धाकट्या बहिणीच्या शिव्या खाऊनही मोठा भाऊ रीत पाळतो.

मेईच्या हाताचं वाचून जिवाचं पाणी झालं. मलम आणि गोळ्या याच सुमोतून पाठवतोय. सोहराच्या दवाखान्यात नेऊन हाताचा फोटो काढून आण, प्लास्टर नीट बसलंय की नाही बघायला हवं. एवढं सांगून आता मलाही बोलू दे, कारण तू तर मला फासावरच चढवलंयस.

कंपनीला हाक हवी होती. ‘आईची हाक ऐका’ अशीच त्यांची जाहिरात आहे. खोटी रचून घ्या म्हटलं, तर म्हणाले खरी हवी, आईच्याच आवाजात हवी. आता तूच सांग, मी कुणाची द्यायची? शेजारच्या लासुबोनची दिली असती तर ती बिचारी दिवसातून दहादा हातातलं टाकून पुलावर धावली असती. तुझी दिली असती तर तू मला तिथेच पुरलं असतंस. जिवंत माणसाची हाक अशी वाजवता येत नाही, हे मला कळतं, मी काही दिल्लीत जन्मलो नाही. म्हणून जिला ऐकून कुणीच उठून येणार नाही अशी निवडली. शान येणार नाही. कडू वाटेल, पण खरं आहे.

आणि ती माझ्याकडे कशी, तेही सांगतो. त्याच्या शेवटच्या नाताळात मेई त्याला जेवायला बोलवत होती, तेव्हा मी फोनवर टिपली होती. शेवटी तो लांबून हसतोय. शान गेल्यापासून मी ती गुपचूप ऐकत आलोय. तू रीतीभाती सांगशील, सांग. मला एवढी सुंदर गोष्ट फोनमध्ये कुजू द्यायची नव्हती.

कर्णा माझा नाही, कंपनीचा आहे, आणि गावच्या दरबाराने हो म्हटल्यावर लागलाय. गावातली निम्मी घरं आता पाहुण्यांना जेवू घालतात, हेही विसरू नकोस. तू सगळ्यात धाकटी मुलगी, आपल्या रीतीने घर तुझं, मेई तुझ्या हवाली. तिला पुलापासून जरा लांब बसवत जा. हंगाम संपला की मी येतोच, आत्ता श्वास घ्यायला फुरसत नाही.

राग ओसरला की आठवण काढावी.

तुझा बाह ख्राउ


मावख्ला, १३ नोव्हेंबर

ख्राउबोर,

काय अकलेचे तारे तोडलेयस! ऐकून कुणी उठून येणार नाही, म्हणे. अरे दीडशहाण्या, हाकेला येणारा गेला, पण हाक मारणारी आहे ना घरात? ती उठते. ती तुझ्या हिशेबात कुठे बसलीच नाही.

वेडी झालीय असं समजू नकोस. मी तिला समजावलं की मेई, ते यंत्र आहे. तर म्हणाली, मला ठाऊक आहे, शानला मी माझ्या हातांनी न्हाऊ घातलंय शेवटचं, पण पाय ऐकत नाहीत. आणि लांब कुठे बसवू तिला? हे गाव केवढं? पाहुणे आता वरच्या गाडीतळापासूनच शीळ घालत उतरतात. फोनवर पाठ करूनच येतात मेले.

परवाचं सांगते. पुलावर दाट धुकं होतं. त्यात कुणीतरी शानची हाक घातली, आणि चांगली घातली, शेवटचा हेलकावासुद्धा बरोबर. मी पाण्याला गेले होते. परत येते तो मेई पुलाच्या मध्यावर, गळ्यात हात बांधलेला, दुसऱ्या हातात एका परक्या पोराची बाही घट्ट धरलेली. नुसती बघत होती त्याच्याकडे. आणि त्या पोराने काय करावं? तिच्या खांद्यावर हात टाकला आणि दात काढून दोघांचा फोटो घेतला! मी तो फोन नदीत भिरकावणार होते. मेईनेच मला धरलं. म्हणाली, त्याला काय माहीत.

त्याला माहीत नाही, हे मी धरून चालते. तुला माहीत होतं. तुझ्या मलमाने बोटांची सूज उतरली, बाकी जे केलंस त्यावर मलम मिळत असेल तर तेही धाडून दे.

मी हे मामांच्या कानावर घातलंय. आता त्यांना तोंड दे.

दारिहुन


मावख्ला, १५ नोव्हेंबर

चि. ख्राउबोर यास,

मामाचे आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत.

काल दरबार बसला. कर्णा लावायला हो म्हणताना ती हाक कोणाची, हे आम्ही कुणी विचारलं नाही. ती आमची चूक, आणि मी ती चारचौघांत कबूल केली. कर्णा आज सकाळी उतरवला. तुझ्या कंपनीचा माणूस कागद नाचवत होता, त्याला मी म्हटलं की कागदाची सुरळी कर आणि कानात घाल.

पण कर्णा उतरवून भागलं नाही. दुपारी पाहुण्यांची गाडी आली आणि शीळ सुरू झाली. त्यांची तोंडं मी कशी बांधू? घरी आलेल्याला आपण आधी सुपारी देतो, दरडावत नाही. माझी बहीण माझ्यासमोर जागची उठली आणि दाराला धरून उभी राहिली. मी म्हातारा माणूस, मला ते बघवलं नाही.

ज्याने हाक बाहेर नेली त्यानेच ती परत आणायची. कशी, ते मला विचारू नकोस. ते जमेपर्यंत या मामाला तोंड दाखवू नकोस.

रोस्टरवेल मामा


शिलाँग, २ डिसेंबर

प्रिय हेप,

स. खु. वि. वि. मामांना हे वाचून दाखव, मला त्यांना वेगळं लिहायचा धीर होत नाही.

मालकाशी तीन वेळा भांडलो. जाहिरातीतून हाक काढा म्हटलं, तर तो म्हणाला, लोक त्याचसाठी येतात, काढायची तर बदली दे, नाहीतर चालू राहील. नोकरी सोडतो म्हटलं, तर म्हणाला, खुशाल सोड, हाक आमच्याकडे आहेच. मी खुर्ची उचलली होती. मारली नाही, याचं अजून वाईट वाटतं.

मग बदली दिली. माझी. त्याच नाताळात मेईने मलाही पुन्हा पुन्हा मारलेली हाक फोनमध्ये होतीच, कारण मी कधी एका हाकेत जेवायला येतो? शानची सगळीकडून पुसून घेतली. जाहिरातीत, फोनवर, सगळीकडे आता माझी आहे. गाइडांना नवी शिकवली, जुनी घातली तर कामावरून काढीन असं बजावलं. आठवड्याभरात पाहुणेही जुनी विसरले. त्यांचं काय, आज हे तर उद्या ते.

आता इथली गंमत सांगतो. ऑफिसात एक पोरगी माझी हाक गुणगुणत माझ्या टेबलावरून जाते आणि मी प्रत्येक वेळी उठून उभा राहतो. पोलीस बझारात भुट्टेवाला शीळ घालतो आणि मी भर रस्त्यात वळतो. बायको हसते. मला हसू येत नाही. चिडचिड होते. उद्या मेईने खरंच हाक मारली तर या गोंगाटात मला कळणार आहे का?

तुला हवं तसं झालं. आता तरी शिव्या थांबव आणि दोन गोड शब्द लिही.

ख्राउ


मावख्ला, ११ डिसेंबर

बाह ख्राउबोर,

गोड शब्द संपलेत, दुकानात आले की धाडीन.

कुणाला विचारून दिलीस? हाक तुझी, पण रचली कुणी? मेईने. तू तान्हा असताना ती नदीकाठी बसून जुळवत होती, असं मामा सांगतात. चोरी पकडली म्हणून दुसरी वस्तू त्याच घरातून उचलून द्यायची, ही कुठली भरपाई? पत्र वाचून मी इतकी रडले आणि इतकी चिडले की भात करपला.

पण खोटं लिहिणार नाही. शानची हाक थांबलीय. मामांनीही ते मान्य केलं. मेईचं प्लास्टर निघालं, बोटं हलतात, आणि ती आता पुलाकडे धावत नाही.

ती आता काय करते ते ऐक. तुझी हाक आली की ती सोललेली सुपारी बाजूला ठेवते, मला चुलीवरचा भात उतरवायला लावते, एक ताट वाढते, बाजूला तुंगताप, सुक्या मासळीची चटणी, तुला लागते तशी झणझणीत, आणि दाराकडे तोंड करून बसते. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मेई, ते पाहुणे आहेत, शानच्या वेळी झालं तेच हे. तर माझ्यावरच उखडली. म्हणाली, तेच कसं? शान येणार नव्हता म्हणून मला जावं लागत होतं. ख्राउला पाय आहेत, तो येईल, मी कशाला धावू?

पाहुण्यांच्या गाड्या किती येतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. दर गाडीला ती ताट वाढते. ते गार झालं की मी कोंबड्यांना घालते. कोंबड्या लठ्ठ झाल्यात आणि मेई दिवसभर दाराकडे बघून बघून थकते. शानला माती दिल्यापासून तू या घराचा उंबरा ओलांडला नाहीस. शेकड्यांनी लोक इथे पाठवलेस, गाडीतळापर्यंत कितीदा तरी स्वतः येऊन गेलास, गाइडांनीच सांगितलं मला. तिथून खाली उतरायला काय होतं? त्याच्या रिकाम्या बाजेला घाबरतोस? आम्ही तिच्या शेजारीच झोपतो रे.

मेईने सांगितलंय, त्याला लिही की मी हाक मारतेय. मी लिहिलं. माझा राग अजून तसाच आहे, आलास की गरम गरम वाढीन. पण ये.

शानला येता येत नव्हतं. तुला काय धाड भरलीय?

दारिहुन