सूर्य-चंद्राला आवतण

श्रावण शु. ५, शके १७९०. अमरावती

नागपंचमी. शाळेला सुट्टी, शेतात वखर बंद. दुपारी कासमभाई आले. कापसाचे दलाल, परवाच मुंबईहून अकोल्यावरून परतले. मायनं पाट दिला, पण बसले नाहीत.

दादाची खबर आणली होती. रेल्वे झाली आणि दादाची गाडीवानी बसली, म्हणून तो अकोल्याला कापसाच्या गठाणी भरायला राहिला होता. तिथून गठाणींबरोबरच मुंबईला गेला म्हणे. आता पडावावर लागलाय. धक्क्यावरच्या गठाणी जहाजापर्यंत न्यायच्या त्या नावेला पडाव म्हणतात.

“नारळी पुनव झाली का पडाव सुरू होतीन, मास्तर. मी म्हटलं त्याले, तुले पवता येते का बे? हासला. म्हणे, पोळ्याले घरी जातो, तवरक काई बुडत नाई.”

वहिनी दाराआड होत्या. बांगड्यांचा आवाज एकदम थांबला.

पोहता येत नाही दादाला. विहिरीत उतरायचा तर कमरेला दोर बांधून. आणि गेला तो थेट समुद्रात! असं वागायचं तर लग्न कशाला केलंस रे बाबा.

शु. ८

संध्याकाळी माय अंगणात. “बाबू, समुद्र कसा असते?” मी तरी कुठं पाहिलाय. शाळेच्या भूगोलात आहे तेवढं सांगितलं: पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, चंद्र-सूर्य त्याला ओढतात.

“ओढतेत? काहून?”

अंगणात दादाची जोडी बांधलेली, कबऱ्या आणि हरण्या. सुचलं ते बोललो. म्हटलं, सूर्य-चंद्र ही बैलजोडी समज, समुद्र ही गाडी. अवसेला दोघं एका जुवात, एकाच दिशेला ओढतात, म्हणून पाणी उसळतं, त्याला उधाण म्हणतात. आजच्यासारख्या अष्टमीला एक इकडं ओढतो, एक तिकडं, म्हणून पाणी थोडकं. ढग फाटले होते. अर्धा चंद्र डोक्यावर, सूर्य मावळतीला. दोन्हीकडं बोट करून दाखवलं.

मायला पटलं. मग म्हणाली, “दोघांत जोराचा कोनता? सूर्य?”

“नाही, चंद्र. लहान आहे पण जवळ आहे.”

मग म्हणते, “जवळचं ते ओढते म्हनतं तू. मंग त्याले मी काहून नाई ओढून राहिली?”

बैलांना चारा टाकायला उठलो.

नारळी पौर्णिमा

आजपासून पडाव सुरू. माय सकाळपासून जेवली नाही. उपास आहे का विचारलं, तर, “आज ते दोघं कसे हायेत, सांग.”

“समोरासमोर. मधे आपण.”

“मंग एक इकडं ओढीन, एक तिकडं. गाडी जागीच राहीन.”

इथं माझी जोडी फसली! पौर्णिमेलाही उधाणच असतं, पण ते बैलांत बसेना. पृथ्वीच्या दोन्ही अंगांनी पाणी फुगतं वगैरे बडबडलो. ती ऐकून घेते आणि म्हणते, “म्हंजे सांगता येत नाई तुले. पन पानी वाढते.”

“वाढतं.”

भाकरी तशीच राहिली. धीर द्यायला गेलो आणि भीती पेरून आलो. पेरलेलं उगवलं तेही कपाशीच्या आधी.

वद्य ५

वहिनी माझ्याशी फार बोलत नाहीत. आज ताट वाढून गेल्या नाहीत, तशाच उभ्या. “भाऊजी, पान्यात पडलेला मानूस भरतीनं वर येते का ओहोटीनं?”

माहीत नाही म्हणालो. खरंच माहीत नव्हतं. असं काही विचारू नका, असं तरी म्हणायला हवं होतं. त्या “बरं” म्हणाल्या आणि ताक घेऊन आल्या.

वद्य १२

गावभर एकच चर्चा. पोळ्याच्याच अवसेला सूर्यग्रहण. पोळा भरणार की नाही? ठरलं ते असं: ग्रहण सकाळी, मोक्ष झाला की आंघोळी, मग पुरण शिजेल. पोळा संध्याकाळी नेहमीसारखा.

शाळेत दिवा, मोठं लिंबू आणि वाळकं बोर घेऊन ग्रहण करून दाखवलं. पोरं खूश. मी मात्र लिंबावरची सावली पाहत बसलो. ग्रहण म्हणजे अगदी एका रेषेत. याहून सरळ जुपणी नाही. अन् दादा नावेत.

मायला हे सांगायचं नाही, असं ठरवून घरी आलो. ती दारातच, “गरहन म्हंजे दोघं एकामागं एक जुपले ना रे?”

मीच शिकवलंय. आता भोगा.

वद्य १३

बडनेऱ्याला जाऊन आलो. आगगाडीतून बरेच लोक पोळ्यासाठी उतरले. एकाची पाठ अगदी दादासारखी. हाक मारली. मोर्शीचा निघाला बिचारा.

घरी सांगितलं, उद्या येईल.

वद्य १४

आला नाही.

बैल दादाच्या हातचे. ते मी धुतले; हरण्यानं पाय तुडवला. संध्याकाळी वहिनींनी पळसाच्या पानानं हळद-तूप लावून खांदे शेकले. कापसाला सोन्याचा भाव होता तेव्हा दादानं शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या केल्या होत्या, त्या चढवल्या. भाव गेला, शेंब्या राहिल्या.

मायनं बैलांच्या कानाशी जाऊन रीतीप्रमाणं आवतण दिलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” मग तिथंच उभी राहिली.

“बाबू, पोळ्याच्या दिशी बैलाच्या मानेवर जू ठेवते का कोनी?”

“नाही.”

“पाप लागते ना?”

“लागतं.”

“मंग त्या दोघांयले उद्या कोन जुपून राहिलं?”

तिनंच पुढं विचारलं, चंद्र आत्ता कुठं आहे. म्हटलं, सूर्याच्या जवळच, दिसत नाही. त्याची उजेडाची बाजू तिकडं, अंधाराची आपल्याकडं. सूर्य टेकला होता. माय पदर सावरून मावळतीकडं वळली, हळदीचा हात तसाच, आणि मोठ्यानं म्हणाली, “आज आवतन घ्या बाप्पा, उद्या जेवाले या. उद्या तुमाले सुट्टी.”

वहिनी हसल्या. दादाची खबर आल्यापासून पहिल्यांदा. मग डोळे पुसत आत गेल्या. मलाही हसू येत होतं, पण आलं नाही.

अमावास्या, मंगळवार. पोळा

सकाळी ढग. मग फट पडली. परातीत हळदीचं पाणी घेऊन तिघांनी त्यात पाहिलं. सूर्याला एका बाजूनं खाल्लं होतं. उजेड पिवळट, मळकट झाला. कावळे कडुलिंबावर परतले. त्याच लिंबाखाली पानांतून पडलेले उन्हाचे कवडसे सगळे चंद्रकोरीसारखे; शिकवताना हे कधी सुचलं नव्हतं. बघायला पाहिजे होतं नीट. पण माझं ध्यान परातीतल्या पाण्यावर, की ते हलतंय का. मूर्खपणा. परातीला कसलं उधाण?

कोर परत भरायला लागली तशी माय म्हणाली, “सुटले.” आंघोळीला गेली. पुरणाचा वास आला तेव्हा ऊन लखलखीत.

चार पानं वाढली. दोन बैलांची, दोन त्या पाहुण्यांची. पाचवं दादाचं वाढायला निघाली, वहिनी म्हणाल्या, “नको. आल्यावर गरम वाढू.” ते बरं केलं.

तोरणाखाली जोडी मी नेली. कबऱ्या अडून बसला. लोक म्हणाले, धन्याची सवय. मी त्याच्या कानात काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

माय पोळी जेवली. दीड. “उधान झालं, गरहन सुटलं. आता तो येतेच पाह्य.” तिचा चेहरा मोकळा झालेला पाहून मलाही बरं वाटलं. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

भाद्रपद शु. १

शाळेत पोरांना कालचं ग्रहण समजावून मग भरती-ओहोटीचा धडा काढला. मी नेहमी एका वाक्यापाशी थांबायचो, कारण तिथवर बैलजोडी छान जुळत होती. आज एका पोरानं वाचता वाचता पुढचं वाक्य वाचलं. पाणी जड, ते मागून येतं. सर्वांत मोठं उधाण अवसेच्या दिवशी नसतं. एक-दोन दिवसांनी असतं.

बरोबरच आहे. बैलांनी जोर लावला तरी लादलेली गाडी लगेच कुठं हलते.

पोराला म्हटलं, पुरे, बस खाली. तो घाबरला. त्याचा काय दोष?

म्हणजे आज. किंवा उद्या. घरी मायनं विचारलं, तोंड असं काहून? डोकं दुखतं म्हणालो.

शु. २

बडनेऱ्याला गेलो. आगगाडी आली, गेली. कासमभाईंकडं गेलो, त्यांनाही काही कळलेलं नाही. “आता पोळा झाला, मास्तर. गनपतीले येईन. खुदा राखनारा हाय.” हे म्हणताना माझ्याकडं पाहत नव्हते. का मलाच तसं वाटलं?

परतलो तर मावळतीला बीजेची कोर. अगदी बारीक. माय अंगणात उभी, मला बोलावून दाखवते, “पाह्य, एकटा हाय आता. सुटला जुवातून. पानी उतरलं असन ना रे?”

उधाण आत्ता असेल. या घटकेला. पडाव, गठाणी, ते काळं पाणी, आणि दादा हसत…

“सांग ना. झालं ना आता सारं?”

“झालं, माय.”

तिनं कोरीला हात जोडले. दोन भाकरी खाल्ल्या, वर ताक मागितलं. दादा लहानपणी पोळ्याला बैलाच्या पाठीवरून पडला होता ती गोष्ट सांगत बसली, स्वतःच हसत. मी हं हं करत होतो.

वहिनी भाजी वाढायला वाकल्या. माझं ताट पाहिलं. मायला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या,

“भाऊजी, तुमी काहून नाई जेवून राहिले?”