धर्मकाटा, आवृत्ती चार

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार. सकाळी ९.४०

ट्रकचे वजन करणाऱ्या धर्मकाट्याच्या केबिनमध्ये बसून जुन्या टूथब्रशने कीबोर्ड घासत होतो. दोन बटणांच्या मधून तंबाखूच्या खर्र्यातली सुपारी निघाली. रुपाली काटा सांभाळते, पण ती खर्रा खात नाही. म्हणजे ड्रायव्हर लोक खिडकीतून आत वाकून बोलतात, त्याचे हे फळ. किळस आली. हात दोनदा धुतले.

मग स्क्रीनकडे पाहिले आणि जास्त किळस आली. काट्याचा हा प्रोग्रॅम तीन वर्षांपूर्वी मीच लिहिला. बटणे करडी, रकाने करडे, सगळा अवतार सरकारी. हे ज्या टूलकिटवर उभे आहे ते जीटीके तीन. चार येऊन पाच वर्षे होत आली. जग चारवर आणि पांढरकवडा तीनवर.

निश्चय: कापसाच्या सीझनआधी संपूर्ण प्रोग्रॅम चारवर नेणे. काम बारा दिवसांचे. उरलेल्या वेळात इंग्रजी सुधारणे.

१६ सप्टेंबर

काट्याचे मालक नानाजी यांना कळवले. म्हणाले, चालून राह्यलं ना बाबू, मंग कायले हात लावतं?

मी समजावले की टूलकिट म्हणजे खिडक्या, बटणे, रकाने ज्या सामानातून बनतात ते सामान. नानाजी म्हणाले, म्हंजे इंजिन तेच, बॉडी नवी. उपमा ढोबळ आहे, पण त्यांच्या वकुबाप्रमाणे ठीक.

पुढे म्हणाले, नागपूरचा एक माणूस तयार मशीन घेऊन फिरून राह्यला. बिघडलं तं तोच येऊन पाह्यते म्हणते. सीझनमधी तुह्यं नीट चाललं तं तूच, नाही तं मी त्याले बोलावतो. ही सरळ धमकी. माझा एवढा एकच ग्राहक आहे हे त्यांना माहीत आहे. (आर्णीच्या एका कृषी केंद्राशी बोलणी चालू आहेत. म्हणजे मी बोललो आहे.)

मग सुरू करू का, असे विचारले. ते फोनवर बोलत होते. सुरू केले.

२२ सप्टेंबर. रात्री

नव्या टूलकिटवर पहिल्यांदा चालवला. चालला नाही. चुकांची यादी वाचता वाचता चहावर साय आली. चहा फेकला.

मी जे जे वापरले होते, नेमके ते ते यांनी काढून टाकले आहे. जुना मेनू काढला. खिडकीत बटण बसवायची रीत बदलली. कीबोर्डवरचे एफ-पाच ओळखायची रीतही बदलली. घरमालकाने भाडेकरूला न विचारता जिना काढून न्यावा, तसा हा प्रकार. वीट आला आहे.

आई म्हणाली, तं जुनंच ठेव ना. आईशी तांत्रिक चर्चा करत नाही.

३० सप्टेंबर

बारा दिवस संपले. परंतु ते कामाचे बारा दिवस होते. रविवार, वीज गेलेले दिवस आणि डोके दुखलेले दिवस त्यात धरायचे नसतात. तसे पाहता आज पाचवा दिवस आहे.

आज भाषा शुद्ध केली. गाडी काट्यावर आली की प्रोग्रॅम एक प्रश्न विचारतो. रुपाली खिडकीतून पाहते, ड्रायव्हर, क्लीनर, हमाल सगळे उतरले की 'हो' दाबते, मग वजन घेतले जाते. तीन वर्षे तो प्रश्न 'मानसं उतरली का' असा होता. माझ्या हातून असे लिहिले गेले, ही कल्पनाही सहन होत नाही. आता: 'वाहनावरील सर्व इसम खाली उतरले आहेत काय?'

रुपालीने विचारले, नयनभाऊ, इसम म्हंजे कोण? मी म्हणालो, माणूस. मंग माणूसच लिहा ना, म्हणाली. हिला दहावीत मराठीला किती होते ते विचारायला हवे.

९ ऑक्टोबर

नेमका तोच प्रश्न अडला. जुन्या टूलकिटमध्ये प्रश्नाची खिडकी उघडायला 'रन' लिहायचे. नव्यात 'रन' नाही. मार्गदर्शिका म्हणते, 'प्रेझेंट' वापरा. एका शब्दाचे काम! त्यापुढे उत्तर मिळाल्यावर काय करायचे, त्याची स्वतंत्र व्यवस्था करा वगैरे बराच मजकूर होता. तो मोठ्या कंपन्यांसाठी असावा.

उत्तर 'हो' आहे की 'नाही' हे तपासणारी ओळ सारखी चूक दाखवत होती. जुन्या नोंदी काढून पाहिल्या. रुपालीने आजवर एकदाही 'नाही' दाबलेले नाही. ओळ काढून टाकली. चूक गेली.

तंत्रनिकेतनात हे शिकवत नाहीत. म्हणूनच दुसऱ्या वर्षी मी ते सोडले. मी सोडले. त्यांनी काढले नाही. या दोहोंत फरक आहे.

१४ ऑक्टोबर

नव्या टूलकिटमध्ये सगळे आपोआप दिसते. 'दाखव' असे वेगळे सांगावे लागत नाही. चला, यांनी एक तरी गोष्ट सुधारली.

दुपारी नानाजी बघायला आले, तेव्हा स्क्रीनवर सगळ्यात वर ठळक अक्षरांत 'म्हातारा पैसे कधी देणार' असे आले. तीन वर्षांपूर्वी अक्षरांचा आकार तपासायला लिहिले होते आणि लपवून विसरलो होतो. नानाजींनी चष्मा पुसून पुन्हा वाचले. म्हातारा कोन रे, म्हणाले. मी म्हणालो, नमुना मजकूर आहे. म्हणाले, नमुना तं तू हायस.

रुपाली टेबलाखाली पेन शोधत होती. बराच वेळ शोधत होती.

२५ ऑक्टोबर

दिवाळीचा फराळ बाजूला ठेवून अंतिम चाचणी. पद्धत लिहून ठेवतो. बाइक काट्याच्या मधोमध उभी केली. स्टँड लावला. बाजूला झालो. काट्यावर आणखी काही नाही याची खात्री केली. एक कुत्रे होते, त्याला हाकलले. मग केबिनमध्ये येऊन गाडीचा क्रमांक टाकला. ११० किलो. पुन्हा केले, पुन्हा ११०. संध्याकाळपर्यंत तेच.

रुपाली म्हणाली, एखांदा भरला ट्रक येऊ द्या, मंग पाहा ना. मी म्हणालो, बाइक काय आणि ट्रक काय, तत्त्व तेच. ती म्हणाली, तुमची बाइक हॉर्न नाही मारत. या बोलण्याचा अर्थ लागला नाही.

जुना प्रोग्रॅम संगणकावरून पुसला. पेनड्राइव्हवरूनही पुसला. परतीची सोय ठेवली की लोक परततात.

३ नोव्हेंबर, सोमवार. सीझनचा मुहूर्त

सकाळी ८. नारळ फुटला. स्क्रीन देखणी दिसते आहे. बटणांचे कोपरे गोल. नानाजींनी पेढा दिला. एक उदबत्ती माझ्या हातून लावून घेतली.

९.१५. पहिली गाडी. रामलाल ड्रायव्हर, कापूस भरून. वजन झाले. गाडी जिनिंग कारखान्याकडे गेली.

११.००. रामलाल माल खाली करून परत आला. रिकाम्या गाडीचे वजन झाले. पावती छापून आली. छपाई सुबक. निव्वळ वजन: उणे सत्तावीस क्विंटल.

रामलालने पावती उलटी करून पाहिली. म्हणाला, बाबूजी, मैं कपास देने आया था कि लेने? रांगेतले सगळे हसले. मी त्याला काटा बिघडला असल्याचे सांगितले. दुसरी गाडीही उणे. तिसरीही. चौथ्या गाडीचा मालक पावती घेऊन नानाजींच्या अंगावर गेला.

१२.३०. जिनिंगवरून फोन. या काट्याची पावती आजपासून चालणार नाही.

२.००. कारण सापडले. रुपालीची सवय अशी की मागच्या गाड्या हॉर्न मारतात म्हणून भरली गाडी रस्त्यावरून वळताच ती क्रमांक टाकून ठेवते. पूर्वी प्रश्न स्क्रीनवर थांबायचा. गाडी पूर्ण चढायची, माणसे उतरायची, ती 'हो' दाबायची, मग वजन. आता प्रश्न येतो, पण प्रोग्रॅम उत्तरासाठी थांबत नाही. लगेच वजन घेतो. तोवर गाडीची फक्त पुढची चाके काट्यावर आलेली असतात. परतीला मात्र क्रमांक यादीतून शोधावा लागतो. तोवर रिकामी गाडी पूर्ण चढून उभी असते. म्हणून रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जड.

म्हणजे चूक रुपालीची आहे. तसे सांगितले. ती म्हणाली, नयनभाऊ, मी तीन वर्सांपासून असंच करून राह्यली. आतापर्यंत तं कापूस उणे नाही निघाला.

२.२०. नानाजी म्हणाले, जुनं टाक. जुने नाही म्हणालो. कुठी गेलं? पुसले. नानाजींनी खिशातून मोबाइल काढला. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. मग त्यांनी माझ्यासमोरच नागपूरला फोन लावला. तो माणूस शुक्रवारी येतो म्हणाला.

मी म्हणालो, एका रात्रीत दुरुस्त करतो. म्हणाले, त्या डबड्याले आता हात लावशीन तं पाह्य.

४ नोव्हेंबर

शुक्रवारपर्यंत काटा बंद ठेवता येत नाही. जिनिंगवाल्यांनी नानाजींच्या शब्दावर चार दिवस दिले आहेत. नानाजींनी तोडगा काढला. मी काट्याच्या तोंडाशी उभे राहायचे. गाडी पूर्ण चढली, सगळे उतरले, की शिट्टी मारायची. शिट्टी ऐकल्यावरच रुपालीने क्रमांक टाकायचा. नानाजी म्हणाले, तुह्या प्रोग्रॅमले थांबता येत नाही ना? मंग तू थांब.

दिवसभर डिझेलचा धूर, कापसाचे तंतू, तोंडात धूळ. शिट्टीला कसलीशी चव आहे. शिसारी येते. रामलाल मला इंजिनियर साहब म्हणतो आणि शिट्टी वाजली की सलाम ठोकतो.

परंतु एकही पावती उणे आली नाही. प्रोग्रॅम मुळात बरोबर होता हे सिद्ध झाले. नानाजींना तसे सांगितले. ते म्हणाले, गाडी आली.

६ नोव्हेंबर

एक क्लीनर ताडपत्रीखाली झोपला होता. मी चाकावर चढून पाहिले म्हणून सापडला. त्याला उठवून खाली उतरवले, मगच शिट्टी मारली. रुपाली म्हणाली, हे काम तुमाले जमते. पुढच्या गाडीकडे गेलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.१०

नागपूरचे मशीन आले. दुपारच्या जेवणाआधी बसले. जेवणानंतर माझी शिट्टी थांबवली. मी घरी निघताना नानाजींनी पैसे चुकते केले. माझा एकूण हिशोब असा.

खर्च: इंटरनेट ५९८. शिट्टी ३०. घशाच्या गोळ्या २०. साबण ३५.

देणे: मुहूर्ताच्या दिवशी पावतीप्रमाणे रामलालला भरली गाडी जिनिंगमधून परत आणावी लागली असे तो म्हणतो, त्याचे डिझेल ४००. गाडी रिकामी होती असे मी म्हणतो. तरी ४००. आईकडून उसने घेतलेले ५००.

मिळाले: चार दिवस शिट्टी, रोज पाचशे, एकूण २,०००. जागेवर, रोख.

प्रोग्रॅमचे तीन वर्षांत मिळाले: १,८००.